सांगितल्याशिवाय हात नाही

मी मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये होते. लेफ्टनंट म्हणून गेले, कॅप्टन होऊन परत आले. कोल्हापुरात हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "मग बंदूक चालवली का?" नाही चालवली. सुया टोचल्या, आणि त्यालाही जवान घाबरायचे.

आता मी कळंब्याकडच्या एका खाजगी हॉस्पिटलात मेडिकल वॉर्डची इन्चार्ज आहे. नव्या नर्सेस आधी माझ्या हाताखाली येतात. तीन महिने त्यांचं काम बघायचं आणि कायम करायचं की नाही ते लिहून द्यायचं. कॉलेजातून येतात तेव्हा पोरींना सगळं येत असतं. पेशंट हलतो, ओरडतो, अंगावर उलटी करतो, एवढंच माहीत नसतं.

अक्षता आजऱ्याची. हात चांगला, शीर पहिल्याच प्रयत्नात मिळायची. पण फार हळू, कारण प्रत्येक गोष्ट ती पेशंटला सांगून करायची. प्रॅक्टिकलच्या परीक्षेत 'पेशंटला आधी समजावणे' याला मार्क असतात. त्यामुळे पोरी रबरी पुतळ्यालाही "काका, बीपी बघते हं" म्हणतात. नोकरीला लागल्यावर आठवड्याभरात ही सवय सुटते. अक्षताची काही सुटली नाही.

बेड चारवर हवालदार दिनकर होते. फौजेतून निवृत्त, बिद्रीकडच्या गावचे. मेंदूत रक्तस्राव झाला होता, आणल्यापासून शुद्ध नव्हती. त्यांच्याशीही तिचं चालूच. "आप्पा, कूस बदलते. आप्पा, नळीतनं दूध सोडते. आप्पा, सुई टोचतीया, जरा दुखंल हं."

"व्हायवा कधीच संपली गं तुझी," मी म्हणायचे.

"व्हय म्याडम," म्हणायची, आणि पुन्हा तेच.

मला तिचा राग यायचा आणि ती आवडायचीही. पण वॉर्ड भरलेला असताना आवडून भागत नाही. शनिवारी रिपोर्ट द्यायचा होता. वाक्य मनात तयार होतं: काम चांगलं, वेग नाही, कायम करू नये.

गुरुवारी सकाळी डॉक्टरांचा राउंड नुकताच संपला होता. अक्षताने हाक मारली.

"म्याडम, बेड चार. पल्स लागंना."

"कॉम्प्रेशन सुरू कर. मोठ्याने मोज."

ती स्टुलावर चढली. डॉक्टर धावत आले.

"ॲड्रिनालिन."

"दिलं."

"पुन्हा."

"दिलं."

शेवटी डॉक्टरांनी घड्याळाकडे बघितलं. अक्षता दाबतच होती. "थांब" हे मला दोनदा सांगावं लागलं.

कॅज्युअल्टीतून फोन आला, बेड कधी मिळेल? अर्ध्या तासात, मी म्हटलं. अक्षताला ऑर्डर दिली, "नळ्या काढ. पुसून घे. कपडे घाल." तिच्यासमोर गेलेला हा पहिलाच पेशंट. चेहरा पांढराफटक पडला होता. तिने पडदा ओढला.

आप्पांच्या बायकोला आम्ही आक्का म्हणायचो. रोज पहिल्या एसटीनं यायच्या, त्या दिवशी उशिरा आल्या. मीच बातमी सांगितली. फौजेत अशी बातमी उभं राहून, थोडक्यात द्यायला शिकले होते. इथे बाकावर शेजारी बसून दिली. आक्का रडल्या नाहीत. मांडीवरची पिशवी तेवढी घट्ट धरली.

इतक्यात पडद्याआडून आवाज आला.

"आप्पा, नाकातली नळी काढते. जरा दुख... न्हाय. आता न्हाय दुखायचं."

आक्कांनी माझा हात पकडला. "म्हंजी हायत? न्हायतर कुनासंगं बोलतीया ती?"

माझं डोकं फिरलं. या पोरीला आधी गप्प करावं म्हणून मी उठले आणि पडदा बाजूला केला. ती त्यांच्या कानामागचा घाम पुसत होती. "आप्पा, मान वळवते हं," म्हणत होती.

मला नाईक तानाजी आठवला. उत्तरेतल्या मिलिटरी हॉस्पिटलात तो गेला तेव्हा त्याला मी असंच पुसलं होतं, युनिफॉर्म घातला होता. लग्न ठरलं होतं त्याचं. त्या खोलीत तेव्हा कुणाच्याही तोंडून शब्द फुटला नव्हता.

मी परत बाकावर येऊन बसले.

"आप्पा गेलेत, आक्का. ती त्यांच्याशीच बोलते. सांगितल्याशिवाय ती कुणाला हात लावत नाही."

पुन्हा फोन वाजला.

"मॅडम, बेड?"

"वेळ लागेल. त्या पेशंटला दुसऱ्या वॉर्डात घ्या. इथे सिस्टरचं काम चालू आहे."

शनिवारचं वाक्य तिथेच बदललं.

आक्का उठून पडद्यापाशी गेल्या. आत मात्र गेल्या नाहीत.

"पोरी, मग माझं बी तेवढं सांग त्यास्नी. म्हस पहाटं व्याली म्हणावं. म्हून उशीर झाला. रेडी झालीया."

अक्षताने हातातलं ओलं फडकं खाली ठेवलं आणि आप्पांच्या कानाशी वाकली. कूस बदलताना सांगायची, त्याच आवाजात म्हणाली,

"आप्पा, म्हस व्याली. रेडी झालीया. आक्का आल्यात, भाईर हायत."

मी सावधानमध्ये उभी राहिले. हवालदार दिनकर आणि नाईक तानाजी, दोघांसाठी.