दोन खंडेनवम्या पाहिलेला पंप

एम.एस्सी. झाल्यावर साताऱ्याहून सांगलीला आले आणि एका महाविद्यालयात संशोधन सहायक म्हणून लागले. काम अणुसंमीलनाचं. सूर्यात जे घडतं ते जमिनीवर घडवून वीज मिळवायची, हे सरकारचं स्वप्न. त्यातला आमच्या वाट्याचा तुकडा एवढाच: काचेच्या नळीतली हवा उपसायची, उरलेल्या विरळ वायूत वीज सोडायची आणि काय होतं ते मोजायचं. त्यासाठी दिल्लीच्या अनुदानातून व्हॅक्यूम पंप आला. घाईघाईने मार्चमध्ये आला, कारण एप्रिलमध्ये पैसे परत गेले असते.

विभागप्रमुख सरांनी खोकं स्टोअरमध्ये ठेवलं आणि कुलूप घातलं. मी विचारलं की म्हणत, "उघडलं की बिघडतं. उद्या तपासणी आली तर मोडका पंप दाखवू?" सर चोर नव्हते. चोर परवडला असता, त्याने निदान खोकं उघडलं असतं.

खंडेनवमीला शिपाईमामांनी खोक्याला हळदकुंकू लावून झेंडूची माळ घातली. पुढच्या वर्षी पुन्हा. "बाई, लय जपलाय बघा पंप," ते मला अभिमानानं म्हणाले. देव्हारा नसलेल्या घरातून आलेली मी, प्रयोगशाळेत येऊन पूजा बघत होते.

मग वार्षिक अहवालाची प्रत हाती लागली. काम का रखडलं, या रकान्यात सरांनी लिहिलं होतं: संशोधन सहायक अप्रशिक्षित. गुजरातेत मोठ्या यंत्रावर शिकायला जाण्याचा माझा अर्ज याच कागदावर ठरणार होता. घरात चळवळीची पत्रकं वाचून वाढलेल्या मुलीला गप्प बसणं जमत नाही. मी ते जमवलं. पाहणी समिती येईपर्यंत पंपाचं माहितीपत्रक पाठ केलं, आणि त्या दिवशी सकाळीच मामांकडून किल्ली घेतली.

दिल्लीहून तिघे आले. प्रमुख बाई मूळच्या वाईच्या. सरांनी फळ्यावर सूर्य काढून तासभर व्याख्यान दिलं. पंप कुठे आहे, असं बाईंनी विचारल्यावर म्हणाले, काल जरा गरम झाला, आज विश्रांती दिलीय.

"चला, दाखवते," मी म्हटलं.

खोक्याच्या लोखंडी पट्ट्या जशाच्या तशा होत्या. बाईंनी कुंकवावरून बोट फिरवलं.

"दोन खंडेनवम्यांचं आहे, मॅडम. याहून जास्त सेवा या पंपाची झालेली नाही."

सर काहीतरी गॅरंटीबद्दल बोलू लागले. ती कधीच संपली होती, हेही मी सांगितलं. बाईंनी मलाच विचारलं, तुला चालवता येतो का. मी पट्ट्या कापल्या, तेल भरलं, नळी जोडली. दोन तासांनी दाबाचा काटा हवा तिथे उतरला, वीज सोडली आणि नळीत गुलाबी उजेड पसरला. मी नळीकडे कमी आणि दाराशी उभ्या असलेल्या सरांच्या चेहऱ्याकडे जास्त पाहिलं. हे लिहायला मला लाज वाटत नाही.

बाईंनी अहवालातली 'अप्रशिक्षित' ही ओळ सरांच्याच हातून खोडून घेतली, शेजारी सही घेतली. मला वाटलं, जिंकले. गाडीपर्यंत पोचवायला गेले तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, की नव्या योजनेत सगळा पैसा एकाच मोठ्या केंद्राला मिळणार. लहान महाविद्यालयांचे प्रकल्प बंद होणार, त्यांच्या सहायकांचे अर्जही रद्द. ठरून महिना झाला होता.

"मग आलात कशाला?"

"पाहणी झाल्याशिवाय बंद करता येत नाही गं."

"हेही अहवालात लिहा."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि गाडीत बसल्या.

पंप न्यायला ट्रक यायला सहा आठवडे लागले. तेवढे दिवस माझा पगार चालू होता. रोज सकाळी कॉलेज उघडलं की मी पंप सुरू करायची आणि संध्याकाळी बंद करायची. सरांची केबिन भिंतीपलीकडेच होती. ते दार लावून घेत, खिडकी लावून घेत, तरी त्याची धडधड त्यांच्या टेबलापर्यंत पोचायची. एकदा त्यांनी मामांना पाठवून विचारलं, किती वेळ चालणार. मी निरोप दिला, प्रशिक्षण चालू आहे.