न उमटलेलं कडं

प्रयोगशाळेत तिला सगळे बर्फवाली म्हणायचे. जंतूतला आरएनए बाहेर काढला की बघता बघता नासतो, म्हणून बर्फाची बादली कायम हिच्या काखोटीला. निवृत्तीला पंधरा दिवस उरले तरी ती सुटली नव्हती.

तिच्या कामाची गोष्ट तिच्यापेक्षा तिचा नवराच रंगवून सांगायचा. तो शिंपी. गिऱ्हाईक मापाला उभं राहिलं की याची टकळी सुरू. जंतूकडेही कात्री असते बरं का, तिला एन्झाइम म्हणतात. विष बनवायचा हुकूम आरएनएच्या पट्टीवर असतो, ती पट्टी कात्रीने नीट बेतली तरच हुकूम चालतो. आमच्या हिने कात्रीच काढून घेतली, जंतू गरीब गाय झाला! बारा वर्षं हेच. ती लटकं रागवायची, पण तिला ते फार आवडायचं. मूलबाळ नव्हतं, मिरवायला एवढंच होतं.

आणि दिसतही तसंच होतं. रक्त घातलेल्या लाल प्लेटवर हा जंतू वाढला की भोवतालचं रक्त फोडून स्वच्छ कडं उमटवतो. तिच्या जंतूभोवती कडं नव्हतं.

एकच काम राहिलं होतं. कात्रीचं जनुक त्याच जंतूत परत घालायचं. कडं परतलं, तर करामत कात्रीचीच. पहिल्या वर्षी जनुक आत बसेचना, ते तीनदा फसलं, तेव्हा तीच प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमना म्हणाली होती, "नंतर करू." निबंध छापून आले, पुढची सगळी कामं त्यावर उभी राहिली, आणि ते नंतर काही उजाडलं नाही. जायच्या आधी उरकून टाकावं म्हणून तिने आता ते केलं.

जनुक बसलं. कात्री चालूही लागली. कडं आलं नाही.

तिने पुन्हा केलं, मग आणखी एकदा. शेवटी कात्री काढण्याच्या आदल्या दिवशीची जंतूची गोठवलेली कुपी शोधून तिने ती लाल प्लेटवर वाढवली. तिथेही कडं नव्हतं. रोज नव्या प्लेटवर वाढता वाढता जंतू कात्री काढण्याआधीच आपला आपणच मवाळ झाला होता. बारा वर्षं पाण्यात गेली होती, आणि तीही तिच्याच एका शब्दापायी. तिने त्याच दिवशी मॅडमना सांगून टाकलं.

संध्याकाळी ती दुकानात आली, तेव्हा नवरा एका गिऱ्हाइकाच्या खांद्याला टेप लावून तीच गोष्ट सांगत होता. "ही बघा आलीच. हिलाच विचारा."

"कात्री काढली होती," ती म्हणाली. "पण जंतू तिच्यामुळे मवाळ झाला नव्हता. माझं चुकलं."

नवऱ्याला आकडा आठवेना. त्याने खांद्याचं माप पुन्हा घेतलं. त्या दिवसापासून गिऱ्हाईक उभं राहिलं की तो गप्प असतो, आणि तिला सगळ्यात जास्त तेच लागतं.