बाहेरचं पान आधी

त्या दोघा भावांचं भांडण घडीबाईनं कागदाच्या थप्पीआडून ऐकलं. मांडीवरच्या फर्म्याची, पुस्तकाच्या छापील तावाची, घडी अर्धीच राहिली.

"मागची खोली त्या बाईला लिहून दिलीस?" धाकटे विचारत होते.

"दिली. वीस वर्षं आपल्याकडे फर्म्यांच्या घड्या घालतेय, जाईल कुठं? कागद तिजोरीत आहे."

"तिजोरीचा आकडा सांग."

"काढ की. चार आकडी आहे, शून्य नाही त्यात. चौपट केलास की तोच उलटा होऊन समोर येतो. हुशार म्हणवतोस ना स्वतःला?"

त्या दिवसापासून भावाभावांचं बोलणं तुटलं. बाइंडिंगचा कारखाना मात्र एकच. संध्याकाळी थोरल्यांनी कुलूप लावायचं, सकाळी धाकट्यांनी उघडायचं, आणि मधे किल्ली पोचवायची घडीबाईनं. अबोला त्यांचा, पायपीट हिची.

आकडा तिनं काढला नाही. मालकाच्या तिजोरीत आपण कशाला डोकं घाला? शाळा तिसरीत सुटलेली. पाढे तेवढे तोंडात राहिले होते, घड्या घालताना तेच पुटपुटायची. नव्या मुलींना एकच सांगायची, "फर्म्याचं बाहेरचं पान आधी जुळवा. पहिलं आणि शेवटचं शेजारी शेजारी असतात. ती जुळली की आतली कुठं पळतात?"

पुढं धाकटे गेले. काही वर्षांनी थोरलेही बोलता बोलता गेले, आणि आकडा बरोबर घेऊन गेले.

चौथ्याच दिवशी धाकट्यांचा मुलगा, आता तोच मालक, म्हणाला, "मावशी, सोमवारपर्यंत खोली रिकामी करा. तिथं यंत्र बसवायचंय."

घडीबाईचा चाळीस वर्षांचा संसार त्या खोलीत. "अरे, खोलीचा कागद आहे तिजोरीत."

"कुणी पाहिलाय? उद्या तिजोरी गॅसनं कापतोय. असला तर बघू."

दुसऱ्या दिवशी गॅसवाला नळ्या जोडून उभा राहिला. ज्योत आत शिरली की कागदाचा कोळसा होणार, हे घडीबाईला कुणी सांगायला नको होतं. तिचं तोंड आपोआप उघडलं आणि भांडणातलं सगळं तिनं सांगून टाकलं.

मालक बघतच राहिला. "इतकी वर्षं ठाऊक होतं, आणि बोलला नाहीत?"

"विचारलं कुणी?"

मालकाची मुलगी लॅपटॉप घेऊन पुढं आली. "आजी, दहा मिनिटं द्या. प्रोग्रॅम लिहिते, सगळे आकडे तोच तपासेल." तिनं खटखट केलं आणि म्हणाली, "मिळाला. शून्य, शून्य, शून्य, शून्य."

"शून्याची चौपट शून्यच की गं बाई. शून्य नाही म्हटलं होतं ना."

"ते सांगायचं राहिलं त्याला. थांबा, बदलते."

"मी पेटवू का?" गॅसवाला म्हणाला. "मला पुढं जायचंय."

घडीबाईनं रद्दी कागद ओढला. "बाहेरचं पान आधी. चौपट करूनही आकडे चारच राहतात, म्हणजे पहिला एक नाहीतर दोन. तीन घेतला तर पाच आकडे होतात. पण उलटं झाल्यावर हाच शेवटी येतो, आणि चौपटीच्या शेवटी दोन, चार असा जोडीचाच आकडा असतो. मग दोन. आता शेवटचा. चार त्रिक बारा, चार आठे बत्तीस, शेवटी दोन हे दोघंच देतात. दोन हजारांची चौपट आठ हजारांच्या खाली येत नाही. म्हणून आठ."

मुलीची बोटं थांबली होती.

"आता आतलं. दुसरा मोठा घेतला तर चौपट नऊ हजारांवर जाईल. मग एक नाहीतर दोन. उलट्यात हा तिसऱ्या जागी येतो, आणि तिथं बत्तिसाचे हातचे तीन मिळवल्यावर जोडी मोडते, म्हणून एक. तिसऱ्याची चौपट आणि ते तीन, शेवटी एक यायला हवा. दोन चालतो, सातही चालतो. दोननं उलटं जुळत नाही." तिनं सात घालून गुणलं. "दोन, एक, सात, आठ. चौपट आठ, सात, एक, दोन."

मालकानं चकत्या फिरवल्या. खट्ट वाजलं. गॅसवाल्यानं नळी खाली ठेवली.

आत चार घड्या घातलेला एक कागद होता. मालक वाचू लागला. मागची खोली घडीबाईची, हयात असेपर्यंत. खाली थोरल्यांची सही. सहीखाली वेगळ्या शाईत, वर्षानंतरची तारीख घालून, त्याच्या वडिलांचं अक्षर होतं: 'आकडा काढला. वर्ष गेलं त्यात. खोली तिचीच. साक्षीदार म्हणून सही करतो.'

मालक स्टुलावर बसला. घडीबाईला धाकटे आठवले. रोज संध्याकाळी तिच्या हातून किल्ली घेणारा माणूस. फाडायला कागद हातात होता. फाडला नाही, वर एका शब्दानं बोलला नाही, भावाशीसुद्धा नाही.

"यंत्र दुसरीकडे बसवू," मालक म्हणाला.

त्यानंतर चार वर्षं ती त्याच खोलीत राहिली. आता किल्ली मालकाच्या घरी जायची. आयुष्यातल्या शेवटच्या संध्याकाळीही ती किल्ली घेऊन गेली, थोडी दम खात. मुलीनं दार उघडलं.

"आजी, उद्या मी येऊन घेते ना. कशाला चालता?"

"कुलूप दोनदा ओढून बघितलंय," घडीबाई म्हणाली, आणि किल्ली नेहमीच्या खिळ्याला अडकवली.