बाबांच्या गाडीचा आवाज

बाबांची मोटरसायकल सुरू करायचं खूळ माझ्या डोक्यात डॉक्टरांमुळे शिरलं. ते एवढंच म्हणाले होते, की बाबांचा हा विसर आता वाढतच जाणार. कधीकधी जुने आवाज तेवढे ओळखीचे राहतात. मी तेवढंच धरून बसलो. बुडत्याला दुसरं काय सुचणार!

तोवर माझं नाव बाबांच्या डोक्यातून गेलं होतं. "कोण रे तू?" असं रोज सकाळी विचारायचे. पण मराठीत विचारायचे, आणि मला तेवढं पुरत होतं. हिंदी मुलखातल्या आमच्या घरात बाबांचा नेम कडक होता. फाटकाच्या आत मराठी, बाहेर हिंदी. दूधवाला, भाजीवाला, वायरमन, सगळ्यांशी हिंदी. लहानपणी माझ्या तोंडून घरात चुकून 'छोड़ो ना यार' निघालं, की विचारायचे, "काहून रे, पाहुणा आहेस का?" तर मी अजून पाहुणा झालो नव्हतो. होण्याआधी त्यांना गाडी ऐकवायची होती.

खमरियाच्या कारखान्यात बाबांनी नोकरी केली. बरोबरचे लोक बसनं जायचे, बाबा या गाडीनं. संध्याकाळी वळणावर तिची धडधड ऐकू आली, की आई चहा ठेवायची आणि मी टीव्ही बंद करून पुस्तक उघडायचो. पुढे आम्ही महाराजपुरला राहायला आलो. बाबांचे गुडघे गेले, आणि गाडी पोर्चमध्ये ताडपत्रीखाली उभी राहिली ती राहिलीच.

ताडपत्री काढली तर आत सगळा गंज. टाकीचं झाकण उघडून गाडी कलती केली, तर पेट्रोलऐवजी तांबडं पाणी आलं. हे पाणी कुठून आलं, ते आईच्या आणि माझ्या एकदमच लक्षात आलं. दर खंडेनवमीला आम्ही दोघं गाडीची पूजा करायचो. बाबा करायचे तेव्हा तेलाच्या फडक्यानं नुसती पुसायचे. आम्ही मात्र बादलीनं आंघोळ घालायचो, हळदकुंकू, हार, नारळ, आणि वरून ओल्या गाडीवरच ताडपत्री. झाकणाचं रबर कधीच कुजलं होतं. वर्षानुवर्षं आम्ही तिला अगदी भक्तिभावानं बुडवत होतो.

"मला काय माहीत रे! देवाचंच केलं ना!" आई रडवेली झाली. मी तिच्यावर चिडलो, मग स्वतःवर, मग गाडीला एक लाथ घातली. पायालाच लागलं.

इंजिन जाम होतं. प्लग काढून आत तेल ओतलं, मुरू दिलं, गियरमध्ये टाकून गाडी मागेपुढे ढकलली. ढिम्म. आतला गंज सुटावा म्हणून टाकीत डिझेल आणि मूठभर खडे घालून ती दोन्ही हातांनी खळखळवत बसायचो. सदर बाजारातल्या दुकानात कार्बोरेटरचं सामान मागितलं, तर दुकानदार हसला, "भैया, इसका माल अब कहाँ! कबाड़ में दे दो." मनात म्हटलं, तूच जा कबाडात. पण दुसरं दुकान होतं कुठे? जुनाच कार्बोरेटर तारेनं कोरत बसलो.

बाबा पोर्चमध्ये खुर्ची टाकून बघायचे. सुरुवातीला मधेच म्हणायचे, "चोक ओढ ना बे!" मला केवढा आनंद व्हायचा. मग ते शब्दही बंद झाले. इकडे पिस्टन थोडा हलला, की तिकडे बाबांचं काहीतरी गेलेलं असायचं. घास गिळायचं विसरले. आईला ताई म्हणायला लागले. मी हातचं काम सोडून त्यांच्याशी बोलत बसायला हवं होतं की काय, कोण जाणे. गाडीला निदान पाना तरी लागत होता. बाबांना काय लावणार होतो मी?

एका सकाळी किक मारता मारता ती खोकली, पांढरा धूर ओकली आणि धडधडायला लागली. तीच धडधड! मी वेड्यासारखा ओरडलो, "आई, आई!"

बाबा उठले. कोणी धरलं नाही, आपणहून उठले. येऊन टाकीवर हात ठेवला, मान तिरकी करून ऐकलं. डोळे भरले त्यांचे. कामावरून येताना असायचा तो चेहरा परत आला होता. मला वाटलं, जिंकलो बावा! डॉक्टर, दुकानदार, सगळे गेले खड्ड्यात.

बाबा माझ्याकडे वळले. माझे काळे हात, तेलकट बनियन नीट पाहिलं आणि हात जोडले.

"बहुत मेहनत की भैया आपने. चाबी दे दीजिए. मेरा लड़का आता होगा, उसी के लिए ठीक करवाई है."

दारातून आई म्हणाली, "अहो, हाच तर..." मी तिला हातानंच थांबवलं. बाबांचा चेहरा एवढा आनंदी होता, की तो मोडायची माझी हिंमत झाली नाही. गाडी बंद केली.

"जी," म्हणालो आणि चावी त्यांच्या तळहातावर ठेवली.

ते खुर्चीत जाऊन फाटकाकडे बघत बसले. मग आईला मराठीत म्हणाले, "ताई, यांना चहा दे ना. इथंच दे, बाहेर."

मी पायरीवर बसून चहा घेतला.