दारातली फुंकर

रोज संध्याकाळी दुकान बंद करून घरी आलो की मी दारात थांबायचो. बायको आतून यायची, पदराला हात पुसायची, टाचा उचलून समोर उभी राहायची आणि म्हणायची, "फुंका." तिचं नाक माझ्या हनुवटीपर्यंतच पोचतं, म्हणून मलाही जरा वाकावं लागायचं. मी फुंकायचो. ती डोळे मिटून वास घ्यायची आणि बाजूला व्हायची. त्यानंतर मी चपला काढायच्या.

सालेकशात मला लोक पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा म्हणून ओळखतात. बायकोपुढे रोज तोंड उघडणारा म्हणूनही ओळखायला लागले, ते समोरच्या म्हातारीमुळे. तिची खाट बरोबर आमच्या दारासमोर. मी वाकलो की ती तिथून विचारायची, "पास झाला का गा?" माझा राग तसाही नाकावरच असतो. पण बायकोचं नाक तेव्हा माझ्या तोंडाशी असायचं, त्यामुळे म्हातारीला उत्तर देता यायचं नाही.

अट बायकोचीच होती. गोंदियाच्या व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून मी परत आलो, तेव्हा ती दवनीवाड्याला भावाकडे निघून गेलेली होती. घ्यायला गेलो. तिनं पाण्याचा गिलास दिला आणि उभ्याउभ्याच सांगितलं, "येते मी. पन रोज दारात फुंकाचं. ज्या दिवशी वास आला, त्या दिवशी मी इकडं येईन. अन् मंग घ्याले येऊ नोका."

ती फार बोलत नाही. बोलली की तसं करते. म्हणून त्या एका फुंकरीवर माझं घर टिकून होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

वासच का, तर त्यालाही कारण होतं. दहा-बारा वर्षं मी तिला वार्निशच्या आडून फसवलं होतं. मोटारीत तांब्याची तार भरून झाली की वरून वार्निश ओततात. त्याचा उग्र वास कपड्यांत आणि केसांत बसतो. मी पिऊन यायचो आणि म्हणायचो, "आज वार्निश केलं." दुकानात एकही मोटार आलेली नसायची त्या दिवशीही मी वार्निश केलेलं असायचं. पुढे कधीतरी तिच्या लक्षात आलं, आणि वार्निशच्या खालून दारू ओळखण्याइतकं नाक तिनं तयार केलं.

केंद्रातले समुपदेशक म्हणायचे, "फक्त आजचा दिवस बघा." मला ते पटायचं नाही. आजचा दिवस काय बघायचा, तो तर समोरच असतो. मी मागचे दिवस मोजायचो आणि पुढच्या दिवसांची काळजी करायचो. मे महिन्यात पुतणीचं लग्न होतं. तिथं सगळे घेतील तेव्हा माझं काय होईल? पोळ्याला काय? दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेला काय? हात मोटारीत तार भरत असायचे आणि डोकं सहा महिन्यांनी येणाऱ्या मंडईत फिरत असायचं. वेढे चुकायचे, सगळं उकलून पुन्हा भरावं लागायचं. रोज फुंकून झालं की मी बायकोला आकडा सांगायचो, "आज एकशे चाळीस दिवस झाले." ती "बरं" म्हणायची आणि चुलीकडे वळायची. कौतुकाचा एखादा शब्द तिला सुचत नाही, याचाही मला राग यायचा.

मग मोहाचे दिवस आले.

आमच्या धानाच्या शेतात, बांधीच्या धुऱ्यावर मोहाची दोन मोठी झाडं आहेत. बायको आणि समोरची म्हातारी अंधार असतानाच निघायच्या, फुलं वेचून आणायच्या आणि अंगणात वाळत घालायच्या. चार दिवसांत सगळं घर त्या गोडसर, आंबूस वासानं भरलं. गोधड्यांना मोहाचा वास, पिण्याच्या पाण्याच्या गुंडाला मोहाचा वास, तिच्या स्वतःच्या हातांना तर होताच. ज्या फुलांची दारू होते, तीच फुलं दाराच्या दोन्ही बाजूंना पसरलेली.

त्या संध्याकाळी मी फुंकलं. तिनं वास घेतला. कपाळाला आठी पडली. "आनखी फुंका." पुन्हा फुंकलं. तिनं स्वतःचे हात हुंगले, पदर हुंगला, मग परत माझ्या तोंडाशी आली.

"समजून नाही राहिलं," ती म्हणाली.

"त्यात काय समजाचं? पेलो नाही मी."

"असंच तं म्हनत होते तुमी इतके वर्सं."

म्हातारी खाटेवरच होती. त्या दिवशी तिनं तोंड पलीकडे फिरवलं.

बायको आत गेली, चपला काढून मागोमाग मीही. दवनीवाड्याला नेलेली कापडी पिशवी तिनं खुंटीवरून काढली, झटकली आणि खाटेवर ठेवली. भरली मात्र नाही. तिचा चेहरा रागाचा नव्हता. ती घाबरलेली होती, आणि तेच मला बघवलं नाही.

मी बाहेर आलो. खोटं बोलायचो तेव्हा हिनं मला घरात घेतलं आणि खरं बोलतोय तर पिशवी काढली. हिला पिलेला आणि न पिलेला नवरा सारखाच वाटत असेल, तर मी कोरडं कशाला राहायचं? नाल्यापलीकडे दारू गाळणाऱ्याचं घर दहा मिनिटांवर होतं. तो विचार मला तेव्हा अगदी रास्त वाटला. मी चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या. शेवटी अनवाणीच अंगणात बसलो, फुलांना पाय लागू नयेत म्हणून गुडघे जवळ घेऊन. किती वेळ बसलो माहीत नाही. मग दारातून तिचा आवाज आला, "उद्या सकारी तुमीबी चला मोह वेचाले."

लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, पण आमच्याच झाडाखाली मोह पडताना मी कधी बघितला नव्हता. त्या वेळी मी झोपलेला असायचो, किंवा पडलेला. मोह मला बाटलीतलाच माहीत.

झुंजुमुंजू होत होतं. झाडाखालचा पाचोळा तिनं आधीच झाडून काढला होता. टप आवाज व्हायचा आणि पांढुरकं, रसानं फुगलेलं एक फूल मातीवर दिसायचं. मग दुसरं, दूर कुठंतरी. मी मान वर करून बघू लागलो, पुढचं कुठून सुटतंय ते. दोनदा बांधावर ठेचकाळलो. एकदा तर फुलांवरच पाय दिला.

"वर काय पाहून राहिले?" ती ओरडली. "जे पडलं ते वेचा."

मी खाली वाकलो. एक उचललं. मग शेजारचं. बोटं चिकट झाली. थोड्या वेळानं टोपलीचा तळ दिसेनासा झाला होता, आणि तेवढा वेळ मला ना पुतणीचं लग्न आठवलं होतं, ना खाटेवरची पिशवी. डोकं इतकं हलकं होतं की मला आधी वाटलं, चक्कर येतेय.

परतताना टोपली डोक्यावर घेऊन ती पुढे चालत होती. मागे न बघता म्हणाली, "मोह सरेवरी मी वास नाही घेत. मी इचारीन, तुमी सांगा."

"अन् मी खोटं बोललो तं?"

"तं बोला."

त्या संध्याकाळी तिनं दारात विचारलं, "पेले का?" मी "नाही" म्हणालो, आणि तो शब्द असा अडखळत आला की माझा मलाच खोटा वाटला. तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला झाली. फुंकायला सोपं होतं. ते काम छातीचं, आणि छातीला लबाडी येत नाही. जीभ मात्र माझीच होती, तिचे सगळे पराक्रम मला ठाऊक होते. आता रोज तिच्याच भरवशावर घरात शिरायचं होतं.

पंधरा-वीस दिवस असेच गेले. पहाटे मोह, दिवसा मोटारी, संध्याकाळी तो एक शब्द. उन्हाळी धानाचे दिवस, पंप धडाधड जळत होते, दुकानात मोटारींची रांग लागलेली. पण वेढे आता चुकत नव्हते. "नाही" म्हणणंही हळूहळू सरळ होत गेलं.

मोह सरला. अंगण सारवलं गेलं, फुलं पोत्यांत गेली, आणि भावाकडे पाठवायची थोडी फुलं तिनं त्याच कापडी पिशवीत बांधून ठेवली. घराला पुन्हा घराचा वास येऊ लागला. म्हणजे आता पुन्हा फुंकायचं, मी धरून चाललो होतो.

त्या संध्याकाळी आलो आणि दारात थांबलो. छाती भरून श्वास घेतला. ती येईना. आत फोडणी तडतडली.

"काऊन उभे राहिले तिथं?" तिनं आतूनच विचारलं.

"फुंकाचं नाही का? मोह तं सरला," मी श्वास सांभाळत म्हणालो.

ती दारापर्यंत आली. हातात पळी होती. माझ्याकडे पाहून तिनं डोक्याला हात लावला. "इसरलीच मी," ती म्हणाली. "या अंदर. चुलीवरचं वरन उतू जाऊन राहिलं." आणि वळून गेलीसुद्धा.

"पास झाला का गा?" म्हातारीनं समोरून विचारलं.

मी तिला मानेनंच नाही म्हटलं. परीक्षाच झाली नव्हती. मी चपला काढल्या, उंबरा ओलांडला, आणि छातीत भरून धरलेला तो श्वास घरात आल्यावर सोडला.