चिंगीची दसऱ्याची दौड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईलाही नाही. आज तुम्हाला सांगायला बसले आहे आणि गंमत बघा, लाज वाटायच्या आधी मला आनंदच होतोय. तोही सांगायला हवा — नाहीतर कबुली अर्धीच राहील.

वारज्यात नीलाताईंची घोडेस्वारीची छोटी शाळा होती. नारायण पेठेतून मी रोज सकाळी स्कूटर दामटत तिथे जायचे, ती फक्त चिंगीसाठी. चिंगी म्हणजे ताईंची लाडकी तांबडी घोडी. नाव चिंगी, पण अंगाने चांगली थोराड. तिची खुरं आतून सुजली होती, कित्येक महिने तिला धड उभं राहता येत नव्हतं. ताईंनी आणि मी तिचे पाय बर्फाच्या पाण्यात धरले, मग मऊ वाळूवर तिला हळूहळू चालवायला लागलो. खुरं पक्की होईपर्यंत पाठीवर कुणी बसायचं नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. एखाद्याने विचारलंच, तर ताई म्हणायच्या, "घाई असेल तर रिक्षा करा."

मग दसरा आला. चिंगीला आंघोळ घातली, कपाळाला हळदकुंकू लावलं, गळ्यात झेंडूची माळ घातली. गोडाने खुरांची सूज वाढते, म्हणून ते तिला बंद होतं. पण सणासुदीला घोडीचं तोंड गोड करायचं नाही? ताईंनी गुळाचा खडा भरवला — अगदी एवढासा — आणि आपट्याची पानं द्यायला शेजारी गेल्या. इकडे चिंगी कान टवकारून, पुढचा पाय आपटत मैदानाकडे बघत होती. बरी झाली की ही! मला राहवेना. खोगीरही न घालता मी तिच्यावर चढले.

आणि ती धावली हो — काय धावली! माळेतला झेंडू तोंडावर उडत होता, मी वेड्यासारखी हसत होते. इतकी खूश मी आयुष्यात कधी झाले नव्हते. त्यानंतरही नाही.

दुसऱ्या दिवशी चिंगीला उभं राहता येईना.

डॉक्टरांनी विचारलं, कुणी बसलं होतं का? ताईच म्हणाल्या, "छे, ही असते ना तिच्याजवळ." मी गप्प राहिले. नुसती गप्पच राहिले असते तर — पण नाही. डॉक्टर गेल्यावर ताईंनी हळूच विचारलं, "अगं, माझ्या गुळानं तर नाही ना झालं?" नाही म्हणायला काय लागत होतं मला?

मी म्हणाले, "असेलही, ताई. द्यायला नको होता."

चिंगी आहे अजून, पण लंगडते. तिच्यावर आता कुणीच बसू शकणार नाही. ताईंनी शाळा बंद केली. घरी येईल त्याला त्या आपणहून सांगतात, माझ्या हातून झालं. परवा एका बाईंना माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही सांगत होती, गूळ देऊ नका म्हणून. मीच ऐकलं नाही."

मी ताईंना चहा ओतून दिला.