निखाऱ्याची पुरातन खूण

नाण्यांसाठी चित्रं काढण्यात सगिनबेकची अर्धी हयात गेली होती आणि मंजूर झालेलं चित्र एकही नव्हतं. बिश्केकच्या नाणे समितीने अकरा चित्रं 'सुंदर' म्हणून परत पाठवली, आणि हा दरवेळी त्या एका शब्दावर खूश होऊन घरी आला.

बारावं मात्र लागू पडलं. मेंढ्याच्या शिंगांची जुनी नक्षी त्यात होतीच, ती कोण काढत नाही! पण शिंगांच्या मधोमध त्याने तीन बोटांच्या आकाराची एक खूण घातली होती. ती त्याला आईने शिवलेल्या शिरदाकवर, घरातल्या त्या जुन्या लोकरी नमद्यावर, सापडली होती. पुस्तकांत कुठेच नाही, म्हणजे फारच प्राचीन असणार, असा त्याने तर्क लढवला आणि सूर्य, पूर्वज, सुबत्ता असं तीन पानांचं विवेचन ठोकून दिलं. आता फक्त समितीची सही उरली होती.

सहीच्या आदल्या दिवशी थोरली बहीण उरुमकान नारिनहून कुरुतची, म्हणजे सुक्या दह्याच्या खारट गोळ्यांची, पिशवी घेऊन आली. तिने नाण्याचा प्लॅस्टरचा नमुना खिडकीशी धरला.

"हे काय रे मधे?"

"पूर्वजांची खूण, एजे."

"कुठले पूर्वज? चार वर्षांचा होतास, समोवारातला निखारा पाडलास. आईनं वर ठिगळ लावलं. गाढवा, तू जाळलेलं भोक आहे ते!"

गप्प बसायचं, असं सगिनबेकने रातोरात ठरवलं. समितीपुढे उभा राहिला तेव्हाही ठरलेलंच होतं. पण अध्यक्षबाई डोळे मिटून म्हणाल्या, "अगदी हीच खूण माझ्या आजीच्या शिरदाकवर होती." मग मात्र त्याला राहवेना. आपलं भोक आता देशाचा इतिहास होतंय म्हटल्यावर त्याने सगळं ओकून टाकलं, समोवारासकट.

बाई आधी लालबुंद झाल्या, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. तीन पानं त्यांनी बाजूला सारली.

"आईचं नाव?"

"सोनुनबू. गेली ती."

'मधली खूण : सोनुनबू यांनी लावलेलं ठिगळ,' असं लिहून त्यांनी सही केली.

नाणं निघालं तेव्हा उरुमकानने शिरदाक पसरला आणि ते ठिगळाशेजारी ठेवलं.

"आईचा टाका तिरका होता रे. तू सरळ केलास."

सगिनबेकने भिंग लावलं. खरंच तिरका होता. बाराव्यातही त्याने घोळ घातलाच होता, आणि या वेळी वर ठिगळ लावायला आई नव्हती.